अठरा तासांचा अभ्यास आणि झोपेतला मेंदू
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)







समितीच्या कार्यकर्त्यांनी मला विषय विचारला तेव्हा मी "झोप" असे सांगितले. मुले हसली. एक जण म्हणाला, "काका, व्याख्यानात लोक तसेही झोपतात, तुम्ही विषयच तो कशाला घेता?" मी म्हटलं, बाळा, मी आयुष्यभर लोकांना झोपवूनच पगार घेतला आहे. मला दुसरा विषय येत नाही.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. एका सरकारी रुग्णालयात मेंदूचा आलेख काढण्याच्या विभागात मी तीस वर्षांहून अधिक काळ तंत्रज्ञ म्हणून काम केले. या तपासणीला ईईजी म्हणतात. आपल्याकडचे लोक तिला "डोक्याचा कार्डिओग्राम" म्हणतात, आणि ते नाव काही वाईट नाही. आज जे सांगणार आहे ते या कामातून आणि त्या निमित्ताने केलेल्या वाचनातून आलेले आहे.

एका बापाचा प्रश्न

एक प्रसंग सांगतो. नोकरीच्या मधल्या काळातला आहे. एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले. मुलगा दहावीत. सकाळी उठल्यावर त्याचे हात अचानक उडायचे. चहाचा कप हातातून पडायचा. घरच्यांना वाटले, धांदरट आहे. आई रागवायची. मग एके दिवशी सकाळी शाळेत जाताना त्याला मोठी फिट आली. शेजारच्या आजीने सांगितले, बाहेरचे काही तरी असेल, एखाद्या भगताला दाखवा. पण वडील पक्के बौद्ध. ते म्हणाले, "आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्यात, आम्ही दवाखान्यातच जाणार." आणि ते आमच्याकडे आले. एवढ्यासाठी मी त्यांना आजही मनोमन नमस्कार करतो.

आलेख काढला. त्यात दोष स्पष्ट दिसला. सेकंदाला चार ते सहा वेळा येणारे टोकदार लहरींचे झुबके होते. अपस्माराचा हा एक प्रकार आहे, तो बहुधा वाढीच्या वयात सुरू होतो, औषधाने चांगला आटोक्यात राहतो, आणि त्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे जागरण. डॉक्टरांनी विचारले, मुलगा किती झोपतो? वडील अभिमानाने म्हणाले, "साडेतीन-चार तास. मी स्वतः त्याच्याजवळ बसतो. डुलकी लागली की डोळ्यांना पाणी लावतो."

डॉक्टरांनी औषध लिहून दिले आणि सांगितले की ही गोळी आणि पुरेशी झोप, दोन्ही औषधेच समजा. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेले. मग ते गृहस्थ माझ्याकडे वळले. माझ्या टेबलावर बाबासाहेबांचा लहानसा फोटो होता. तो बघून हलक्या आवाजात म्हणाले, "पण साहेब, बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे ना? मग माझ्या पोराने का करू नये?"

मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या बापाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

लहरी सापडल्या कशा

मेंदूत वीज असते हे प्रथम प्राण्यांत दिसले. १८७५ साली इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन या डॉक्टरने सशांच्या आणि माकडांच्या मेंदूवर सूक्ष्म विद्युत्प्रवाह मोजले. माणसाच्या मेंदूच्या लहरी मात्र टिपल्या त्या जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने.

या बर्गरची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तरुणपणी लष्करात असताना तो घोड्यावरून पडला आणि तोफेच्या गाड्याखाली चिरडता चिरडता वाचला. त्याच संध्याकाळी घरून तार आली. त्याच्या बहिणीला एकाएकी वाटले होते की भाऊ संकटात आहे. बर्गरच्या मनाने घेतले की एका मनातून दुसऱ्या मनात काही तरी शक्ती जात असली पाहिजे. आपल्याकडे असता तर कदाचित त्याने मठ काढला असता! त्याने तसे केले नाही. पुढे तो डॉक्टर झाला आणि वर्षानुवर्षे मोजमाप करत बसला. १९२४ साली त्याला माणसाच्या डोक्यावरून पहिला आलेख मिळाला. पण त्याने लगेच ढोल वाजवला नाही. पाच वर्षे पुन्हा पुन्हा तपासून १९२९ साली तो छापला. मनातून मनात जाणारी शक्ती त्याला सापडली नाही, सापडल्या त्या मेंदूच्या लहरी. तरीही बऱ्याच जणांचा विश्वास बसेना. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी स्वतः करून पाहिले, तेव्हा जगाने मान्य केले. स्वतः तपासून पाहा, मग स्वीकारा, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. विज्ञानाची वाट याहून वेगळी नाही.

आमच्याकडे पेशंट आला की नातेवाईकांचा पहिला प्रश्न असायचा, "शॉक देणार का?" नाही हो. हे यंत्र डोक्यात काही सोडत नाही, डोक्यातून येते ते फक्त टिपते. डोके तेल न लावता धुऊन यायचे. टेपने मोजून खुणा करायच्या, पांढरी पेस्ट लावून वीसेक छोट्या चकत्या चिकटवायच्या, त्यांच्या तारा यंत्राला जोडायच्या. मेंदूची ही वीज किती? साधारण शंभर मायक्रोव्होल्ट धरा. भिंतीवरच्या घड्याळाचा पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो, म्हणजे त्याच्या पंधरा हजारावा हिस्सा. एवढीशी वीज वाढवून यंत्राच्या पेना कागदावर डोलायच्या. आता सगळे संगणकाच्या पडद्यावर दिसते. पण कागदाच्या काळात रात्रभराचा आलेख काढला तर तीस सेकंदांना एक पान, म्हणजे आठ तासांची ९६० पाने व्हायची. उलगडून ठेवली तर दीड फर्लांगाच्या आसपास लांबी!

रात्रीचा प्रवास

आता त्या पानांवर काय दिसते ते बघू.

माणूस जागा आहे, डोळे उघडे आहेत, विचार चालू आहेत, तेव्हा लहरी बारीक, घाईच्या आणि वेड्यावाकड्या असतात. डोळे मिटून स्वस्थ पडला की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला आठ ते तेरा अशा नीटनेटक्या लहरी येतात. या अल्फा लहरी, बर्गरने पाहिल्या त्या याच.

मग डोळा लागू लागतो. अल्फा विरतात, सेकंदाला चार ते सात अशा थीटा लहरी येतात. ही पहिली अवस्था. पाच-सात मिनिटांची. या वेळी हाक मारली तर माणूस म्हणतो, "मी कुठे झोपलोय?" तो खोटे बोलत नाही, त्याला खरोखरच तसे वाटते. व्याख्यानाला बसलेल्यांपैकी काही जण सध्या याच अवस्थेत आहेत, त्यांना माझा जयभीम!

दुसरी अवस्था खरी झोप. रात्रीचा जवळपास निम्मा वेळ आपण हिच्यात असतो. इथे कागदावर एक सुंदर आकृती उमटते. सेकंदभर, कधी त्याहून थोडा जास्त वेळ, लहरींचा एक पुंजका येतो, दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये फुगीर. सूत कातायच्या चातीसारखा. म्हणून इंग्रजीत त्याला स्पिंडल म्हणतात, आपण चाती-लहरी म्हणू. याच अवस्थेत मधूनच एखादी मोठी टोकदार लहर उसळते, तिला के-कॉम्प्लेक्स म्हणतात. दार वाजले, कोणी नावाने हाक मारली, की ती हमखास दिसते. म्हणजे माणूस उठत नाही, पण मेंदू आवाज ऐकतो आणि ठरवतो की उठायचे की नाही. ट्रक गेला तरी न उठणारी आई बाळाने कुस बदलली की उठते, यावरून मेंदू झोपेतही किती निवड करतो ते समजते. १९३७ साली अमेरिकेत लूमिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांचे आलेख काढून झोपेच्या पायऱ्या प्रथम लावून दाखवल्या.

तिसरी अवस्था गाढ झोपेची. इथे लहरी मोठ्या आणि संथ होतात, सेकंदाला एक-दोन, कधी त्याहूनही कमी. त्यांना डेल्टा म्हणतात. पूर्वी हिचे दोन भाग करून तिसरी व चौथी अवस्था म्हणत, २००७ पासून दोन्ही मिळून एकच धरतात.

मोठ्या लहरी म्हणजे मेंदू जास्त काम करतो का? हा प्रश्न मला शिकाऊ मुले नेहमी विचारत. त्यांना मी चैत्यभूमीचे उदाहरण द्यायचो. सहा डिसेंबरला लाखो लोक जमतात. प्रत्येक जण आपापले बोलत असतो, दुरून ऐकले तर नुसता गलबला. जागेपणाची बारीक लहर म्हणजे हा गलबला, प्रत्येक पेशी आपले वेगळे काम करते आहे. पण सामुदायिक त्रिशरण-पंचशील सुरू झाले की सगळे एकदम म्हणतात, एकदम थांबतात. आवाज संथ होतो, पण केवढा मोठा! गाढ झोपेत कोट्यवधी पेशी अशाच एकत्र बोलतात आणि एकत्र गप्प होतात.

आणि यानंतर येते ती सगळ्यात नवलाची अवस्था. १९५१ च्या सुमारास शिकागो विद्यापीठात यूजीन अ‍ॅसेरिन्स्की नावाचा एक विद्यार्थी होता. अडगळीतले जुने यंत्र त्याला मिळाले. त्याने आपल्याच आठ वर्षांच्या मुलाला तारा लावून झोपवले. मध्यरात्री पेना एकदम जोरात हलू लागल्या. त्याला वाटले पोरगा उठला. जाऊन बघतो तर मुलगा गाढ झोपलेला, फक्त मिटलेल्या पापण्यांआड बुबुळे भराभर फिरताहेत. आधी त्याने यंत्रालाच दोष दिला. पण पुन्हा पुन्हा तेच दिसले. १९५३ साली त्याने आणि त्याचे गुरू क्लाइटमन यांनी हा शोध जाहीर केला. या झोपेला बुबुळांच्या हालचालींवरून रेम म्हणतात. हिच्यात मेंदूच्या लहरी जागेपणासारख्या बारीक असतात, ठसठशीत स्वप्ने बहुतेक इथेच पडतात, आणि हातापायांचे स्नायू मात्र पूर्ण सैल पडलेले असतात. निसर्गाने ही सोय केली नसती तर स्वप्नात धावणारा माणूस खरोखर धावला असता.

ही सगळी फेरी साधारण दीड तासाची. रात्रीतून अशा चार-पाच फेऱ्या होतात. पण सगळ्या सारख्या नसतात, आणि इथे विद्यार्थ्यांनी नीट लक्ष द्यावे. गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागात येते. रेम झोप पहाटेकडे वाढत जाते. म्हणजे आठ तासांची झोप चार तासांवर आणली तर प्रत्येक गोष्ट निम्मी होते असे नाही. पहाटेची रेम तर बरीचशी जातेच, आणि दुसऱ्या अवस्थेतल्या चाती-लहरींचाही मोठा वाटा जातो.

झोपेत अभ्यास चालू असतो

मग गेले तर काय बिघडले? सांगतो.

ज्या १९२४ साली बर्गरला पहिला आलेख मिळाला, त्याच वर्षी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलेनबाक या दोघांनी एक साधा प्रयोग छापला. दोन विद्यार्थ्यांना अर्थ नसलेले दहा-दहा शब्द पाठ करायला दिले. कधी पाठांतरानंतर झोपू दिले, कधी जागे ठेवले. आठ तासांनी विचारले. झोपून उठल्यावर निम्म्याच्या आसपास शब्द आठवले. जागे राहिल्यावर जेमतेम एखादा.

हे का होते, त्याचा उलगडा पुढे होत गेला. दिवसभरात जे नवीन शिकतो त्याची कच्ची नोंद मेंदूच्या आतल्या एका भागात होते, त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. १९९४ साली विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांत दाखवले की दिवसा फिरताना ज्या पेशी एकत्र चेतल्या, त्याच पेशी नंतर झोपेत पुन्हा एकत्र चेततात. उंदीर झोपेत दिवसाची उजळणी करत होता म्हणा ना! आज शास्त्रज्ञांचे मत असे आहे की गाढ झोपेतल्या संथ लहरी आणि चाती-लहरी एका तालात येतात, तेव्हा ही कच्ची नोंद मेंदूच्या बाहेरच्या थरात पक्की होते. दुकानदार दिवसभर कच्च्या वहीत लिहितो आणि रात्री शटर ओढून पक्की खतावणी करतो, तसे. रात्रीही शटर उघडेच ठेवले तर धंदा दुप्पट होत नाही, हिशोब मात्र कायमचा कच्चा राहतो.

वाढीचे संप्रेरकही मुख्यतः गाढ झोपेत सुटते. म्हणून तज्ज्ञ सांगतात की सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास, आणि मोठ्या माणसाला किमान सात तास झोप हवी. आपल्या दहावीच्या मुलाला चार तास झोपवणारा बाप त्याचा अभ्यास वाढवत नाही. त्याने दिवसा केलेला अभ्यास रात्री पुसून टाकतो.

भूत कोणाच्या छातीवर बसते?

थोडे विषयाला धरूनच, पण वेगळे सांगतो. कितीतरी माणसे सांगतात, "पहाटे जाग आली, डोळे उघडे होते, पण हात हलेना, आवाज फुटेना, छातीवर कोणीतरी बसले होते." मग कोणी मुंज्या म्हणते, कोणी हडळ. आपल्या वस्तीतही म्हणतात, मी ऐकले आहे. मघाशी सांगितले की रेम झोपेत स्नायू सैल सोडलेले असतात. कधी कधी मन आधी जागे होते आणि स्नायूंची ती सैल अवस्था थोडा वेळ तशीच राहते. स्वप्नाचा तुकडाही डोळ्यांसमोर तरळतो. एक-दोन मिनिटांत सगळे आपोआप सुटते. जागरण झाले की हा प्रकार जास्त होतो. तसेच झोपेत चालणारे मूल. ते गाढ झोपेतून अर्धवट उठलेले असते, त्याच्या अंगात काही आलेले नसते. त्याला मारू नका, हलवून जागे करू नका, हात धरून अंथरुणावर आणून झोपवा.

आणि झोपेत आकडी येत असेल, दात आवळत असतील, अंथरूण ओले होत असेल, तर चप्पल, कांदा हुंगवत बसू नका. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि दवाखान्यात न्या. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचले आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. कायदा पुस्तकात आहे, पण घराच्या उंबऱ्यावर तो आपल्यालाच उभा करायचा आहे.

धम्मात झोप म्हणजे आळस का?

आता काही उपासक म्हणतील, बुद्ध म्हणजे जागा झालेला. पाच नीवरणांत थीनमिद्ध सांगितले आहे. मग तुम्ही विहारात उभे राहून झोपेची तरफदारी कशी करता?

उत्तर असे की, थीनमिद्ध म्हणजे जागेपणी मनावर येणारी सुस्ती. ती आणि रात्रीची झोप एक नव्हेत. भिक्खूंच्या दिनचर्येतही रात्रीचा मधला प्रहर उजव्या कुशीवर निजण्यासाठीच सांगितला आहे. अंगुत्तर निकायात हत्थक आळवकाची कथा आहे. थंडीचे दिवस, जमीन खडबडीत, अंगावर पातळ चीवर, आणि तथागत पानांच्या अंथरुणावर बसलेले. हत्थकाने विचारले, भन्ते, आपल्याला झोप नीट लागली का? तथागत म्हणाले, हो, जगात जे सुखाने झोपतात त्यांतला मी एक आहे. मग त्यांनी समजावले की महालातल्या मऊ गादीवरही राग, द्वेष, मोह यांनी जळणाऱ्याला झोप लागत नाही. मैत्री भावनेचे जे अकरा लाभ सांगितले आहेत त्यांत पहिलाच लाभ सुखाने झोपणे हा आहे. जी गोष्ट लाभात मोजली, ती दोष कशी असेल?

दुसरे काही जण म्हणतात, आम्ही ध्यान करतो, आम्हाला झोप कमी चालते. जपानमध्ये कासामात्सु आणि हिराई या दोघांनी झेन भिक्खूंचे आलेख काढून १९६६ साली प्रसिद्ध केले. ध्यानात डोळे उघडे असूनही अल्फा लहरी आल्या, मुरलेल्या साधकांत त्या आणखी संथ होऊन थीटाही दिसल्या. म्हणजे ध्यानाने मेंदू शांत होतो हे खरे. पण तो झोपेचा आलेख नव्हता. ध्यान जरूर करा, पण ते झोपेच्या बदल्यात मोजू नका.

बाबासाहेबांचे अठरा तास

आता त्या बापाच्या प्रश्नाकडे येतो.

बाबासाहेबांनी अठरा-अठरा तास अभ्यास केला हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांच्या कष्टांपुढे आपण नतमस्तक आहोत. पण त्यांच्या विद्यार्थीदशेतली एक गोष्ट चरित्रात आहे, ती आपण सांगतो पण नीट ऐकत नाही. परळच्या चाळीत एकच खोली. त्यातच चूल, त्यातच सगळे कुटुंब. सुभेदार रामजीबाबा काय करत? ते भीमरावांना आधी लवकर झोपवत. स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत. दोन वाजता मुलाला उठवत, आणि मग मोकळ्या झालेल्या त्या जागेवर आपण आडवे होत. भीमराव रॉकेलच्या दिव्यावर वाचत बसत.

बंधूंनो, आपण यातला "दोन वाजता उठवत" एवढाच भाग उचलला. "आधी लवकर झोपवत" हा भाग सोडून दिला! मुलाची झोप व्हावी म्हणून बाप जागला. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात येते, असे मी मघाशी सांगितले. डेल्टा लहरी रामजीबाबांना माहीत असण्याचे कारण नव्हते, तेव्हा बर्गरचा आलेखही निघालेला नव्हता. पण पोराला आधी निजवले पाहिजे हे त्या बापाला कळत होते. आणि पहाटेची झोप त्या मुलाला मिळाली नाही, ती खोली लहान होती म्हणून. ती गरिबीने घेतलेली झोप होती. आपल्या पोरांना तशा खोलीत दिवस काढावे लागू नयेत यासाठीच त्यांनी पुढचे सगळे आयुष्य झिजवले. शेवटी मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने शरीर खचले असतानाही ते "बुद्ध आणि त्यांचा धम्म" पुरा करत होते, आणि ६ डिसेंबर १९५६ च्या पहाटे झोपेतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ते कष्ट म्हणजे आपल्यावरचे ऋण आहे. दहावीच्या पोराच्या भिंतीवर लावायचे वेळापत्रक नव्हे.

सोण कोळिविस नावाचा एक भिक्खू होता. चंक्रमण करून करून त्याच्या पायांतून रक्त आले, तरी चित्त मुक्त होईना. तो निराश झाला. तथागतांनी त्याला विचारले, तू घरी वीणा वाजवायचास ना? तार फार ताणली तर सूर लागायचा का? सैल सोडली तर? सोण समजला. वीर्य हवे, पण समतोल हवा. मध्यम मार्ग परीक्षेच्या महिन्यातही लागू असतो.

विहारापुढे माझी सूचना

नुसते बोलून जाणार नाही. काही विनंत्या करतो.

जयंतीला आपल्याकडे सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. तो बंद करा असे मी म्हणत नाही. तरुण मुले एक दिवस बाबासाहेबांना पुस्तकांनी अभिवादन करतात, याहून सुंदर दृश्य नाही. पण आदल्या रात्री आणि त्या रात्री मुले पूर्ण झोपतील असे वेळापत्रक आखा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना दिवसाचेच सत्र ठेवा. फिट येणाऱ्या मुलाला जागवू नका, आणि त्याला वेगळे बसवून लाजवूही नका. विहाराची अभ्यासिका रात्री दहाला बंद करा आणि पहाटे पाचला उघडा. ज्या घरात एकच खोली आहे, तिथे दहानंतर टीव्ही आणि मोबाईलचा आवाज बंद, एवढा नियम घरातल्या मोठ्यांनी स्वतःसाठी करावा.

आणि ज्या माऊल्या पाणी येते म्हणून पहाटे तीनला उठतात, जे भाऊ रात्रपाळी करून दिवसा पत्र्याखाली झोपायचा प्रयत्न करतात, त्यांना मी "आठ तास झोपा" असे कोणत्या तोंडाने सांगू? त्यांच्यासाठी नळाची वेळ बदलून घेणे, हा निवेदन घेऊन जायचा विषय आहे. समितीने तो हाती घ्यावा. झोप हासुद्धा समतेचाच प्रश्न आहे.

तो मुलगा पुढे दोन वर्षांनी पुन्हा आलेखासाठी आला. हात उडणे थांबले होते, फिट परत आली नव्हती. गोळी नियमित होती. आलेख चालू असताना त्याला छान डोळा लागला, कागदावर चाती-लहरी उमटू लागल्या. वडील खुर्चीवर शेजारी बसले होते. मी खुणेने त्यांना पेना दाखवल्या. ते काही बोलले नाहीत. फक्त उठले आणि पोराच्या चेहऱ्यावर उजेड येत होता म्हणून खिडकीचा पडदा ओढून घेतला.

तेव्हा आपापल्या घरी गेल्यावर तेवढा एक पडदा ओढा, एवढेच मागणे मागतो आणि थांबतो.

जयभीम! नमो बुद्धाय!